फुलोऱ्यातली राखण

चुलीपाशी कस्तुरा शिंकली अन् अंगणात पुंजाजीबुढ्याचा हात बैलाच्या कासऱ्यावरच थांबला. पेरणीचं चाडं घेऊन निघालेला जगदेवही जागीच उभा राह्यला. दसरा झाला होता, वाफसा चांगला होता, करडी पेराची घाई होती. पण सुनेची शिंक ओलांडून वावरात जाईन तो पुंजाजी कसला? एक शिंक म्हणजे बैस, दोन म्हणजे चाल. विषम झाली तर खाली टेकाचं, पाणी प्याचं अन् मंग निघाचं.

कस्तुराची शिंक एकटी कधी येतच नव्हती. माळच लागे. बुढा ओट्याच्या कोरेवर टेकला अन् बोटाच्या पेरांवर मोजाले लागला.

"चार... पाच... सा. बस्स! सम झाली. आता थांबव वं सूनबाई, इथीच थांबव."

घरातून अजून एक आली.

"झाली बोंब!" बुढ्यानं कपाळावर हात मारला. "सोड रे खेमा बैलं. पानी दाखव त्यायले."

खेमा त्यायचा सालदार, तांड्यावरचा गडी. गालातल्या गालात हसत तो जू सोडाले लागला. "बुढेबावा, जरासक थांबा नं. मालकीनबाई अजून एक देतेच. तिनं कवा उधारी ठेवली?"

जगदेवनं चाडं ओट्यावर आपटलं अन् तो घरात शिरला.

कस्तुरा भिंतीकडे तोंड करून उकिडवी बसली होती. तोंडात पदराचा बोळा. डोळे सुजून नुसत्या फटी राह्यल्या होत्या, नाकाचा शेंडा सोलून निघाला होता. तव्यावर भाकर करपत होती.

"बुढा भाईर पडेपावतर तुले दम नाई धरवत?"

तिनं बोळा काढला. "शिंक काय माह्या हातातली हाय?"

"तोंड दाबाचं."

"दाबलं तं कानातून निंगते."

असं म्हणून ती हसली, अन् हसताना छातीत शिट्टी वाजली. जगदेवले त्या शिट्टीचाच लय राग. शिंक एक वेळ चालते, शिंक राजालेही येते. पण ही बारीक शिट्टी, भुकेल्या मांजरीच्या पिलावानी. ती वाजली की त्याले वाटे, भिंतीपल्याड सारं गाव कान लावून बसलं हाय.

जवारी निसवून फुलोऱ्यावर आली की हे सुरू होय, अन् कणसात दाणा घट्ट झाला की आपोआप जाय. बाकीच्या दिवसात हीच कस्तुरा कडब्याचा भारा एकटी डोक्यावर घे. वाशीमच्या एका डॉक्टरनं तिच्या छातीले नळी लावली, पाठ ठोकली, क्षय नाही म्हणाला. कागदाची पट्टी चिकटवलेल्या बाटलीत लाल औषध देलं अन् सांगितलं, बाईले मोकळ्या हवेत ठेवत जा. तांड्यावरच्या धनीबाईनं ओव्याची धुनी देली, तिनं तर बिचारीचा जीवच वर आला. अन् विहिरीवरच्या बाया जगदेवले ऐकू जाईन असं म्हणत, "काऊन वं कस्तुरा, रातभर रडोली काय नवऱ्यानं?" त्यानं आजवर तिच्यावर हात उचलला नव्हता. असं ऐकलं की मात्र उचलावासा वाटे.

खरा घोर होता विजयमालाचा. ती जगदेवची धाकटी बहीण, माय लहानपणीच गेलेली. मागच्या साली याच दिवसात तिले पाहाले पाहुणे आले होते. चहा अर्ध्यावर होता अन् आतून ती शिट्टी अन् खोकला सुरू झाला. पाहुण्यायनं एकमेकाकडे पाह्यलं, कपबशा खाली ठेवल्या. दम्याचं घर हाय, असं चार गावात झालं. सुनेचा दमा नंदेच्या रक्तात कुठून येईन, हे कोणी इचारलं नाही. आता शिरपूरचा जानराव त्याच्या पोरासाठी येणार होता. जमीनजुमला चांगला, माणसं सरळ. हे ठिकाण हातचं गेलं तर पुढं कोणाच्या दारात जाचं, याची बुढ्याले झोप नव्हती.

"सूनबाईले त्या दिवशी वावरात धाडू," दुपारी भाकर खाता खाता बुढा म्हणाला. "माळ्यावर बसन, पाखरं हाकलन. डॉक्टर काय म्हने? मोकळी हवा. तिलेही बरं, आपल्यालेही बरं."

विजयमाला मूग पाखडत होती. "अन् वैनी कुठी हाय म्हनून इचारलं तं?"

"माहेरी गेली म्हनू. तू मूग पाखड."

कस्तुरा सासऱ्यासमोर कधी तोंड उघडत नसे. त्या दिवशी ती दाराआडून बोलली. "बाबा, मले कपाशीत धाडा. नाल्यावर धुनं घेऊन धाडा. जवारीत नोका धाडू. जवारीतच माहा जीव कोंडते. ते पिवयं झडते नं कनसाचं, ते नाकात गेलं का—"

"जवारी?" बुढ्याचा आवाज चढला नाही, उलटा खाली गेला. तो खाली गेला की घरात सगळे भीत. "जिची भाकर खातं सूनबाई, तिलेच नाव ठेवतं? लक्ष्मी हाय ते. दान्याले दोष देनाऱ्याच्या घरी दाना टिकत नाई."

"भाकरीनं काईच होत नाई, बाबा."

"भाकरीनं होत नाई, मंग फुलानं कसं होईन? एकाच झाडाचं हाय नं?"

देवाले पाय लागल्यावानी ती वरमली अन् मागं सरली.

बुढ्याच्या या सवालाचं थोडंसं उत्तर होतं ते जगदेवपाशी. एकदा तो जवारीतून आडवा येऊन घरी आला होता. बंडी अन् फेटा पिवळ्या भुकटीनं माखलेला. बंडी त्यानं चुलीजवळच्या खुंटीले टांगली अन् कस्तुराची माळ सुरू झाली. दुसऱ्या दिवशी तो नाल्यात बुडी मारून, बंडी धुऊन घरी आला होता. त्या दिवशी तिनं त्याले जेवू घातलं, वर माहेरच्या म्हशीची अख्खी गोष्ट सांगितली, अन् एकदाही नाक पुसलं नाही. त्यानं हे दोन्ही पाह्यलं होतं. पण बायकोचं ऐकून जवारीले नावं ठेवते, असं गावानं म्हणावं? त्यापेक्षा मुकं राह्यलेलं बरं.

"बाबा म्हनतेत तसं कर," तो म्हणाला अन् ताटात हात धुऊन उठला.

पाहुणे येणार त्या दिवशी कस्तुरानं सकाळी सारा स्वयंपाक करून झाकून ठेवला. विजयमालाची वेणी घातली, तिचं पातळ चापूनचोपून नेसवलं, अन् स्वतः ठिगळाचं लुगडं नेसून गोफण घेऊन निघाली. जगदेव धुऱ्यापर्यंत आला. जवारी दोन पुरुष उंच उभी होती. पुढची कणसं चिकावर आली होती, त्यायच्यावर पाखरांचे थवेच्या थवे. मागची कणसं अजून फुलोऱ्यात. वाऱ्याची झुळूक आली की वावरावर पिवळी वाफ उठल्यावानी दिसे.

कस्तुरानं पदर नाकावरून घट्ट गुंडाळला. "तुमी येसान काय न्याले?"

"खेमाले धाडतो. जाय."

ती माळ्याच्या शिडीवर चढली. अर्ध्यावर थांबून शिंकली, शिडीचा दांडा धरून दम घेतला अन् वर गेली. जगदेव वळला तो मागं न पाहता चालाले लागला.

जानरावची दमणी दारात लागली, पण जानराव काही आत येईना. मोठा फेटा, मोठं पोट, मोठा आवाज. संग त्याची बायको गोमतीबाई, कपाळावर कुंकवाचा रुपयाएवढा टिळा. दमणीतून उतरल्या उतरल्या त्यानं हात झटकले. "पुंजाजी, पोरगी तं पाहूच. आधी वावर दाखव. जिथचं खाऊन वाढली ते पाहू दे."

बुढ्यानं जगदेवकडे पाह्यलं. जगदेव पुढं झाला. "चहा तं घ्या मामा आधी."

"चहा काय पयून जाते? चाल."

शेतकरी माणूस वावर पाहिल्याबिगर सोयरीक करत नाही, हे इवल्या पोरालेही माहीत असते. पण घरात कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. सगळे एकच गोष्ट लपवाच्या पाठी लागले होते.

धुऱ्यावरून चालताना जानराव कणसं हातात घेऊन पाहे, "वा, वा" म्हणे. बुढा पुढं पुढं होऊन कपाशी दाखवे, तूर दाखवे, नाल्याकडे वळवे. जानराव फिरून फिरून जवारीतच येई. माळा जवळ आला. गोफणीचा आवाज नव्हता. पाखरं कणसावर बिनघोर बसली होती.

"राखनदार झोपला वाट्टे," जानराव म्हणाला अन् त्यानं हाक मारली, "ए! कोन हाय वर?"

कस्तुरा उठून उभी राह्यली. पाहुणे पाहून तिनं घाईनं पदर ओढला, पण तोवर तिचं तोंड सगळ्यायनं पाह्यलं होतं. डोळे मिटलेले, गाल ओले, ओठ निळसर.

"हे कोन?" गोमतीबाईनं इचारलं.

बुढा खाकरला. त्याले शब्द सापडेना. जगदेवले सापडला.

"राखनीले हाय. रोजानं लावली."

"अवो, डोये पाहा तिचे! मारलं काय कोनी?"

"मजुरायच्या घरचं आमाले काय मालूम, मामी."

एवढं बोलून झालं अन् त्याची नजर वर गेली. कस्तुरा त्याच्याकडेच पाहत होती. त्या फटींतून काय दिसत असेल ते असेल. तिनं तोंड फिरवलं नाही, रडलीही नाही. नुसता पदराचा बोळा केला अन् तोंडात कोंबला. पाहुणे शुभकामाले आले हायेत, त्यायच्या वाटेत शिंक पडली तर घात होईन, हे तिले माळ्यावरही कळत होतं. खांदे गदागदा हालत होते. गळ्याच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या. अन् तरीही एक फुटलीच.

जानराव थबकला. "एक झाली."

"ए बाई!" पुंजाजी ओरडला. "तोंड दाब नं! मान्सं पाहून घे जराशी!"

ए बाई. घरात तो तिले सूनबाई म्हणे, माय म्हणे. ऐकून जगदेवच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बापाले काय म्हणाचं? बापानं त्याचाच शब्द पुढं चालवला होता.

वरून आता शिट्टी ऐकू येऊन राह्यली होती. गोमतीबाई शिडीपाशी गेली. "हिचा दम कोंडून राह्यला. हिले खाली घ्या. जवारीतून भाईर काढा."

"रोज बुडते मामी तिचा," जगदेव म्हणाला. "चाला, जेवन थंडं होऊन राह्यलं."

"मजुराले का जीव नसते, बावा?" ती म्हणाली, पण परक्याच्या वावरात जास्त बोलाचं नाही म्हणून चालाले लागली. जानराव धुऱ्यावर टेकला, विड्याची सुपारी तोंडात टाकून घटकाभर बसला, शिंकेचा दोष उतरवला अन् उठला.

घरी सगळं सुतासारखं सरळ झालं. विजयमालानं पाट मांडले, ताटं वाढली. जानरावनं इचारलं, गाय दोहता येते काय? ती म्हणाली, मारकी असली तरी येते. जानराव पोट धरून हसला. गोमतीबाईनं तिची बोटं हातात घेऊन पाह्यली, घट्टे पाह्यले, मान हालवली. बुढ्याच्या तोंडावर कितीतरी महिन्यांनी रंग आला.

"पोरगी पसंत," गोमतीबाई म्हणाली अन् तिनं पिशवीतून खण-नारळ काढला. "ओटी भरतो. घरच्या सवाशिनीले बलावा. आधी आमी दोघी एकमेकीले कुंकू लावतो, मंग पोरीची ओटी. आमच्याकडं असंच असते."

"सून माहेरी गेली हो," बुढा म्हणाला. "शेजारची बलावतो."

"घरचं कार्य अन् वैनी माहेरी?"

"अडचनच तशी होती."

विजयमाला पाटावर बसली होती, खाली मान. तिनं मान वर केली अन् भावाकडे पाह्यलं. डोक्यावरची वेणी वैनीनं घातलेली, निऱ्या वैनीनं काढलेल्या. पाहुण्यायच्या पोटात गेलेलं ते वरण, ते वडे वैनीच्या हातचे. जगदेवले ती नजर सहन झाली नाही. त्याच्या कानात मघाची शिट्टी सुरूच होती. आता तर ती बंदही पडली असेल, असं त्याच्या मनात आलं. तो उठला, ओसरीवरून उडी मारली अन् पळत सुटला.

माळ्यावर कोणी नव्हतं. शिडीखाली जवारीची ताटं आडवी झाली होती, कोणी रांगत गेल्यावानी. त्या मागानं तो नाल्यापर्यंत गेला. काठाच्या दगडाले पाठ लावून कस्तुरा बसली होती. तोंड उघडं, दोन्ही हात मांडीवर रोवलेले, एकेक श्वास ओढून विहिरीतून पोहरा काढल्यावानी काढत होती. तिनं डोकं ओलं केलं होतं. पाणी गळून चोळी भिजली होती.

"कस्तुरा."

तिले बोलाले वेळ लागला. "मालक... आज सुट्टी... लवकर झाली काय?"

मालक. सालदार म्हणते तसं. जगदेवनं बंडी काढून नाल्यात फेकली. ओंजळीनं तिचं तोंड धुतलं, केसातली पिवळी भुकटी धुतली, पदर पाण्यात खंगाळून पिळला अन् तिच्या अंगाभोवती घातला. मंग खाली वाकला. "बैस पाठीवर."

"लोक पाहतीन."

"पाहू दे."

गावातून भरदिवसा नवरा बायकोले पाठीवर घेऊन चालला, उघड्या अंगानं. असं इंझोरी गावात कोणी पाह्यलं नव्हतं. विहिरीवरच्या बाया दोर तसाच धरून राह्यल्या. कोणीतरी म्हणालं, "बाप्पा! जत्रा निंगाली काय?" पोरं मागं लागली. जगदेव एरवी दगड घेऊन धावला असता. त्या दिवशी खाली मान घालून चालत राह्यला. मानेवर तिचा श्वास लागत होता. तुटक, पण लागत होता.

ओसरीवर पाहुणे उभेच होते. त्यानं तिले उंबऱ्यापाशी उतरवलं, भिंतीले टेकवलं. विजयमाला पाण्याचा गडवा घेऊन धावली.

"हे तं ते राखनीवाली," जानराव म्हणाला.

"माही बायको हाय."

बाहेर दमणीचा बैल घंटी हालवत होता.

"सकायी तं रोजाची होती," गोमतीबाई म्हणाली.

पुंजाजीनं हात जोडले. "क्षय नाई हो बाई! वाशीमच्या डॉक्टरनं सांगतलं, क्षय नाई. दोनेक महिन्याचं दुखनं हाय. दाना भरला का जाते. मागच्या साली मोडलं म्हनून आमी..."

"दमा माह्या मायलेही होता," गोमतीबाई म्हणाली. "आंब्याले मोहर आला का सुरू. तिले आमी त्या दिवसात आमराईच्या वाऱ्याले उभी राहू देत नव्हतो. दम्याचं मले काई नाई, पुंजाजीभाऊ." ती कस्तुरापाशी खाली बसली, कुयरीतलं कुंकू काढलं अन् तिच्या ओल्या कपाळावर लावलं. कस्तुरानं बोटानं तिले लावलं. मंग गोमतीबाईनं खण-नारळ उचलला अन् परत पिशवीत टाकला.

"मामी," जगदेव म्हणाला, "माही चुकी हाय. पोरीची नाई."

"पोरीची नाईच. पोरगी सोन्याची हाय." तिनं विजयमालाच्या गालावरून हात फिरवला. "पन माय, मी रोज तुह्या तोंडाकडं पाहीन अन् मले ते माळा दिसन. उद्या माह्या घरात कोनी दुखनाईत झालं, तं तुये हे मान्सं येतीन, जेवतीन, अन् तिलेही कोनीतरी मजूर समजतीन. मले नाई जमत."

जानराव काहीतरी बोलाले गेला, पण ती दमणीत चढून बसली होती.

दमणीची धूळ खाली बसली तरी पुंजाजीचे हात जोडलेलेच होते. विजयमाला रडली नाही. तिनं वैनीले आत नेलं, कोरडं लुगडं नेसवलं, केस पुसले. बाहेर येऊन पाट उचलता उचलता ती भावाले म्हणाली, "मागच्या साली वैनीच्या छातीनं मोडलं म्हने. औंदा कायनं मोडलं रे, दादा?"

दुसऱ्या दिवशी जगदेव स्वतः गोफण घेऊन माळ्यावर गेला. कस्तुरा फुलोरा झडेपर्यंत घरातच राहीन असं त्यानं बापाले सांगितलं, अन् जवारीमुळंच असंही सांगितलं. जवारीच्या बाजूची खिडकी बुढ्यानं स्वतःच पोत्यानं बंद केली. सांजेले जगदेव नाल्यात बुडी मारून, बंडी-धोतर पिळून, ओल्या अंगानं घरी आला. वाटेत लोक म्हणाले, "काऊन रे जगदेव, बायकोच्या भेवानं आंघोया सुरू केल्या काय?" त्यानं हाव म्हटलं अन् पुढं गेला.

घरातून शिट्टीचा आवाज नव्हता. तवा ठेवल्याचा, भाकर थापल्याचा आवाज होता. तो हातपाय धुऊन चुलीपाशी जाले निघाला. घरची माणसं चुलीपाशी जेवत, सालदार-रोजदाराचं ताट ओसरीवर.

कस्तुरा दोन ताटं घेऊन बाहेर आली. चेहऱ्यावरची सूज पुष्कळ उतरली होती. एक ताट तिनं खेमापुढं ठेवलं. दुसरं त्याच्याच बाजूले, गोणपाटावर. मंग ती आत गेली.

खेमा घाबरला. अर्धवट उठला. "मालक, बाई चुकल्या वाट्टे. थांबा, मी आत देऊन येतो—"

"बैस," जगदेव म्हणाला.

तो गोणपाटावर टेकला. खेमानं अंग चोरून त्याच्यासाठी जागा केली. ताटात वरण होतं, मिरचीचा ठेचा होता, तव्यावरून उतरलेली गरम भाकर होती. कमी काहीच नव्हतं. त्यानं खाली मान घातली अन् तुकडा मोडला.

"अजून कोनाले वाढू काय?" आतून कस्तुराचा आवाज आला.

खेमानं जगदेवकडे पाह्यलं. जगदेवनं नुसती मान हालवली, पण ती दारात नव्हतीच पाहाले.